आधी फोडणी उतरवा, मग रंग

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातल्या कोथरूड-सहकारनगरातून फोन सुरू होतात. "ट्रॉल्यांना नुसता रंग मारायचाय हो, दोन दिवसांत होईल ना?" नाही होत. भिंत रंगवणं वेगळं, स्वयंपाकघरातली शटरं रंगवणं वेगळं. इथे रंगाचं काम थोडं, तेल उतरवण्याचंच जास्त.

शेगडीच्या वरच्या शटरची खालची कड नखाने खरवडून बघा. पिवळट, चिकट थर निघेल. फोडणीतून उडालेलं तेल तिथे बसतं आणि हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होत जातं. सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही तेलं यात पुढे. करडईचं तेल तर रंगांच्या धंद्यातही वापरतात, तेव्हा त्याचा पापुद्रा चिवट निघणारच! त्यावर तसाच ऑइलपेंटचा हात मारला की काही महिन्यांत हँडलपाशी पोपडे.

म्हणून शटरं उतरवायची आणि बिजागरीच्या खाचेत नंबर टाकायचे. दिसायला सारखी असली तरी ती एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. आधी कोमट साबणपाणी, मग थिनरचं फडकं, त्यानंतरच १८० नंबरचा पॉलिश पेपर. उलटं केलंत तर तेल घासून आत जातं. घासल्यावर मी पाणी शिंपडतो. पसरलं तर ठीक, थेंब उभे राहिले तर पुन्हा धुवा. सनमायकाचा गुळगुळीतपणा मोडल्याशिवाय प्रायमर धरत नाही. पुढे लांबी म्हणजे पुट्टी, ३२० नंबर, आणि शेवटी स्प्रेने पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन.

पीयूमध्ये हार्डनर मिसळला की काही तासांत सगळं डब्यातच आळतं, म्हणून लागेल तेवढंच कालवायचं. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना वाईट. तोंडाला रुमाल बांधून फवारणारी पोरं दिसली की डोकं फिरतं. कार्ट्रिजचा मास्क तरी हवाच, आणि फवारा वर्कशॉपमध्ये, घरात नाही.

पेठांतल्या वाड्यांमधली रंगवलेली जुनी फडताळं मात्र कोरडी घासू नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासूनचा. त्याआधीच्या थरांत ते असू शकतं. ओला पेपर वापरा, लहान मुलांना लांब ठेवा.

सिंकखालचं फुगलेलं पार्टिकल बोर्ड मी रंगवत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. ते बदलाच. आणि रंगवलेली शटरं परत बसली की आठवडाभर त्यांवर ओली फडकी वाळत घालू नका. रंग हाताला कोरडा लागला तरी पक्का व्हायला तेवढा वेळ घेतो.