नव्या कॉम्प्युटरसाठी थांबावे, की आहे तो घ्यावा?

घरात कॉम्प्युटर घ्यावयाचा ठरला आहे. उसाच्या बिलातून किंवा दुधाच्या पगारातून साठ हजार रुपये कसेबसे बाजूला काढले आहेत. मुलगी बारावी होऊन इंजिनिअरिंगला नाहीतर बी.सी.ए.ला जावयाची आहे. आता तालुक्याला जाऊन वस्तू आणावी, तर मुलगीच म्हणते, "बाबा, जरा थांबू या ना. नवीन मॉडेल येणार आहे." आणि दुकानदाराला फोन लावावा, तर तो म्हणतो, "भाऊ, आजच घेऊन जा, पुढच्या महिन्यात हा भाव राहणार नाही."

दोघेही खोटे बोलत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. थांबलो तर जास्त चांगली वस्तू मिळेल, पण कदाचित जास्त दामाने. आज घेतली तर चार महिन्यांनी शेजारच्याकडे नवी आलेली पाहून जीव हळहळेल. तेव्हा वाचकहो, पैसे मोजण्यापूर्वी हा भाव का चढला ते समजून घेऊ. तुम्ही बाजार समितीत माल घालणारी माणसे आहात, तुम्हांला ते चटकन कळेल.

कॉम्प्युटरच्या पोटात मेमरी नावाचा भाग असतो. चालू काम तो तिथे मांडून ठेवतो. आपण जात्याशी दळायला बसलो, की सुपात धान्य घेतो, कणगीत हात घालीत बसत नाही. तसे मेमरी हे सूप आणि डिस्क ही कणगी. सूप लहान असले, की काम अडखळते. जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या करतात. सॅमसंग व एस.के. हायनिक्स या दक्षिण कोरियातल्या, आणि मायक्रॉन अमेरिकेतली.

आता कांद्याचे आठवा. एका साली कांदा मातीमोल जातो, पुढच्या साली लोक लागण कमी करतात, आणि त्याच साली मागणी निघून भाव आभाळाला भिडतो. मेमरीचे अगदी असेच झाले. करोनाच्या काळात घरोघर कॉम्प्युटर घेतले गेले. २०२२ सालापासून ती मागणी ओसरली आणि भाव कोसळला. तिन्ही कंपन्यांना तोटा झाला, म्हणून २०२३ साली त्यांनी उत्पादन आखडले. नेमकी तेव्हाच कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट उठली. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे आले आणि त्यामागोमाग मोठमोठी गणनकेंद्रे उभारण्याची शर्यत लागली. या केंद्रांना लागते ती मेमरी वेगळी. तिचे थर एकावर एक रचलेले असतात आणि तिला पैसाही चांगला मिळतो.

इथे जमिनीचा प्रश्न येतो. मेमरी सिलिकॉनच्या गोल चकत्यांवर 'पिकते', आणि चकत्या मोजक्याच. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार ही थरांची मेमरी साध्या मेमरीच्या मानाने तिपटीच्या आसपास चकती खाते. म्हणजे आपल्याकडे ऊस शिरला आणि ज्वारीचे रान गेले, त्यातलीच गोष्ट. ज्याला चार पैसे जास्त मिळतात तो ऊस लावणारच, त्याला दोष कसा द्यावा? पण ज्वारी खाणाऱ्याला ती महाग पडते. २०२५ सालच्या शेवटच्या काही महिन्यांत बाजारात सुटी मेमरी दुप्पट-तिप्पट भावाने विकली गेली. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने तर 'क्रूशियल' या नावाने किरकोळ गिऱ्हाइकाला माल विकण्याचा धंदाच बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. मेमरी बाहेरून येते, तेव्हा तोही भार आपल्याच डोक्यावर बसला.

"मग नवे कारखाने काढावेत की!" असे कोणी म्हणेल. काढताहेत. पण चकतीचा कारखाना म्हणजे गुऱ्हाळ नव्हे, की दसऱ्याला पाया घातला आणि संक्रांतीला गूळ निघाला. जमीन घेण्यापासून माल निघेपर्यंत काही वर्षे जातात. गुजरातेत साणंदला मायक्रॉनच्या प्रकल्पाचे भूमिपूजन २०२३ साली झाले. पण तो प्रकल्प चकत्या कापून, तपासून, बांधून देण्याचा आहे. चकत्या 'पिकवण्याचा' नव्हे. ही टंचाई २०२६ सालच्याही पुढे चालेल, असे मायक्रॉननेच डिसेंबर २०२५ मध्ये सांगितले होते. विकणारा स्वतःच असे सांगतो तेव्हा त्यात त्याचा स्वार्थ असतो, हे खरे. तरी कारखान्याला लागणारा वेळ काही खोटा नाही.

आजवर भाव असे चढून उतरले नाहीत असे नाही. जुलै १९९३ मध्ये जपानात निहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्याला आग लागली. चिपवर ओतावयाच्या राळेचा जगातला निम्म्याहून अधिक पुरवठा तिथून होई. बातमी येताच काही आठवड्यांत मेमरीचा भाव जवळजवळ दुप्पट झाला, आणि पुढे तो ओसरलाही. आगीपेक्षा भीतीनेच भाव जास्त वाढवला होता. या वेळी मात्र नुसती भीती नाही, खरे गिऱ्हाईक उभे आहे.

आता ज्या छोट्या डब्यासाठी लोक थांबतात त्याच्याकडे वळू. बाजारात असे डबे अनेक आहेत. पण वाट पाहण्याची खरी गोष्ट ॲपल कंपनीच्या मॅक मिनीची आहे, कारण त्याची वाट पाहणाऱ्यांनी सगळे अनुभव घेतले आहेत.

हा डबा जानेवारी २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी ४९९ डॉलरला आणला. पडदा, कळफलक, माऊस ज्याचा त्याने जोडावा, म्हणून स्वस्त. २०१२ सालचा मिनी लोकांना फार आवडला, कारण झाकण काढून मेमरी स्वतःच्या हाताने वाढवता येई. पुढचा याहून चांगला येईल म्हणून पुष्कळ जण थांबले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये तो आला. किंमत १०० डॉलरने उतरली होती, पण मेमरी आत पक्की चिकटवलेली, आणि चार गाभ्यांचा प्रोसेसर गेलेला. जुना ज्यांनी घेतला होता ते हसले. मग चार वर्षे काहीच नाही! ऑक्टोबर २०१८ मध्ये नवा आला तो एकदम ७९९ डॉलरला. आपल्याकडे ७५,९०० रुपये. २०२० साली कंपनीची स्वतःची एम १ चिप घेऊन आला, तेव्हा किंमत ६४,९०० झाली आणि वेग कितीतरी वाढला. जानेवारी २०२३ मध्ये एम २ आला तो ५९,९०० रुपयांना. ऑक्टोबर २०२४ मध्ये एम ४ आला, त्याच ५९,९०० रुपयांत, आणि मूळची मेमरी ८ जीबीवरून १६ जीबी केलेली.

म्हणजे बघा, २०१२ ला थांबला तो फसला, २०१४ ला थांबला त्याला चार वर्षांनी महाग मिळाले, आणि २०२४ पर्यंत जो थांबला त्याला त्याच दामात दुप्पट मेमरी मिळाली. थांबणे चांगले की वाईट हे आधी सांगता येत नाही. कंपनी तर तारीख कधीच फोडत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम ५ चिप आली, पण त्या दिवशी ती लॅपटॉपला आणि टॅबला मिळाली. मिनीला मागे ठेवले. त्या दिवसापासून मिनीची वाट पाहणे पुन्हा सुरू झाले.

आणखी एक ध्यानात घ्या. एरवी नवे आले की जुने स्वस्त होते, म्हणून थांबणाऱ्याचा दोन्हीकडून फायदा. टंचाईत हा हिशोब उलटतो. जुन्या डब्यातही मेमरीच आहे, ती दुकानात पडून स्वस्त होत नाही. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मुलांसाठी निघाला. त्याच्या १६ जीबीच्या जुन्याच मॉडेलची किंमत डिसेंबर २०२५ मध्ये १२० डॉलरवरून १४५ केली. वस्तू तीच, एका अक्षराचा फरक नाही.

माझे मत विचाराल तर काम अडले असेल तर थांबू नये. मुलीचे कॉलेज सुरू झाले, तिला घरी सराव हवा, तर एक सत्र फुकट गेल्याची भरपाई कोणतीही नवी चिप करीत नाही. पेरणीला वाफसा आला, की आपण पुढच्या हंगामात येणाऱ्या बियाण्याच्या जाहिराती वाचीत बसत नाही. पण ज्या घरी काम अडलेले नाही, नुसती हौस आहे, त्यांनी खुशाल थांबावे. सातबारा काढणे, ई-पीक पाहणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, यांपैकी बरेच मोबाइलवर होते, नाहीतर सेवा केंद्रात होते. तेवढ्यासाठी साठ हजार घालण्यात अर्थ नाही. ते ठिबकाला लावा.

घ्यावयाचाच ठरला, तर आधी मुलीच्या कॉलेजात विचारा, की कोणते प्रोग्रॅम शिकवणार. टॅली आणि सॉलिडवर्क्स हे विंडोजवरच चालतात, मॅकवर नाही. साठ हजार देऊन वस्तू आणली आणि अभ्यासाचा प्रोग्रॅमच चढेना, असे होऊ नये. मॅकच घ्यावयाचा असेल तर विद्यार्थ्यांची सवलत विचारा. एम ४ मिनी बाजारात आला तेव्हा विद्यार्थ्यांना तो ४९,९०० रुपयांना होता. मेमरी किती हवी हे घेतानाच ठरवावे लागते, मागून वाढत नाही. आणि वरच्या ८ जीबीला कंपनीने वीस हजार लावले होते! डिस्क लहान वाटली तर मात्र बाहेरून जोडता येते. त्या डब्याचे चालू-बंदचे बटण तळाला बसवले आहे, डबा उचलल्याशिवाय सापडत नाही. एवढी हुशार माणसे, पण कोणाला तरी हे सुचले! विजेचे म्हणाल तर असले डबे काम नसताना चार-सहा वॅटच खातात, त्यामुळे भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतात.

ज्यांचे बजेट वीस-पंचवीस हजारांच्या आत आहे त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे. मोठ्या कंपन्या आपले छोटे डेस्कटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा काढून टाकतात, ते डेल, लेनोव्हो, एच.पी.चे डबे मुंबईला लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांत तपासून विकले जातात. घेताना प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे का ते पाहा; त्याआधीच्या डब्यांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली आहे. घरगुती गिऱ्हाइकांना वाढवून दिलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. झाकण उघडून मेमरीच्या पट्ट्या डोळ्यांनी पाहा. भाव चढला की कोठीतला माल कमी होतो, तशा डब्यातल्या पट्ट्याही कमी होतात. पक्के बिल आणि निदान महिनाभराची हमी लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

घरात जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल तर तो भंगारात घालण्याआधी एकदा उघडवून पाहा. त्यावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकली, की टंकलेखन, इंटरनेट आणि प्रोग्रॅमिंगचा पहिला सराव चांगला होतो. मराठीही त्यात लिहिता येते. आणि पडद्यासाठी वेगळे पैसे काढण्याआधी घरातल्या टी.व्ही.च्या मागे एच.डी.एम.आय.चे भोक आहे का ते बघून घ्या. असेल तर साध्या वायरीने डबा त्याला जोडता येतो. मालिकांच्या वेळेत टी.व्ही. कोणाकडे राहील, एवढे मात्र घरातल्या बायामाणसांशी आधी बोलून ठेवावे.