दुधाचा रतीब आणि ढगातली वही

आमच्या काकांचा दुधाच्या रतिबाचा धंदा आहे. पहाटे साडेचारला शहापूरच्या घरासमोर कॅन उतरतात आणि पाचाच्या आत मुले मोटारसायकली घेऊन वडगाव, अनगोळ, टिळकवाडीकडे पांगतात. सहाशे घरे. कुणाला एक लिटर, कुणाला अर्धा, कुणाकडे पाहुणे आलेले, कुणी गावाला गेलेले. हा सारा हिशेब वर्षानुवर्षे काकू वहीत लिहीत आल्या. काकू धारवाडकडच्या. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलणे मराठीत आणि वही मात्र कन्नडमध्ये, असा आमच्या घरचा रिवाज.

२०२० साली चुलत भावाने आपल्या कॉलेजातल्या मित्राकडून एक वेब अ‍ॅप्लिकेशन करून घेतले. मुले मोबाईलवर नोंद करू लागली, महिन्याचे बिल आपोआप तयार होऊ लागले. वर्षभरात काकूंची वही कपाटात गेली.

२०२१ च्या नोव्हेंबरात एका पहाटे ते उघडेना. शोध घेता कळले की, क्लाऊडवरची जागा त्या मित्राच्या नावावर, त्याच्या जुन्या ई-मेलवर आणि त्याच्याच कार्डावर घेतलेली होती. मित्र नोकरीसाठी परदेशी गेलेला. रिझर्व्ह बँकेचा कार्डावरील नियमित वसुलीचा नवा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला आणि ग्राहकाने नव्याने संमती दिल्याशिवाय दरमहा पैसे कापले जाणे थांबले. आठवणीची पत्रे कुणी न उघडणाऱ्या ई-मेलवर जात राहिली. मुदत संपली आणि कंपनीने नियमाप्रमाणे सारा डेटा पुसून टाकला.

काकूंनी एवढेच विचारले, "लेक्क एल्लैति?" हिशेब कुठे आहे? त्याचे उत्तर घरात कुणापाशीच नव्हते.

शेवटी आम्हाला तारले ते गिऱ्हाइकांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरांनी! दूध न घेतलेल्या दिवशी तारखेवर फुली मारायची आपल्याकडची सवय. भाऊ आणि मुले पंधरा दिवस घरोघर हिंडली आणि त्या फुल्यांवरून हिशेब पुन्हा मांडला. बहुतेकांनी प्रामाणिकपणे पैसे दिले. काही बुडाले. तेव्हा अशी जागा घेताना काय पाहावे, हे आम्ही ठेच लागून शिकलो. ते इथे सांगतो.

खोली, फ्लॅट की खानावळ?

क्लाऊड म्हणजे ढग नव्हे. दुसऱ्याच्या इमारतीतला, भाड्याने घेतलेला संगणक. तो चार तऱ्हांनी मिळतो. शेअर्ड होस्टिंग ही चाळीतली खोली. भाडे कमी, पण नळ सामाईक. शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपले पाणी बारीक. दुकानाची माहिती देणाऱ्या साध्या संकेतस्थळाला ती पुरते. व्हीपीएस म्हणजे स्वतंत्र फ्लॅट. महिन्याचे भाडे ठरलेले, पण कुलूप, डागडुजी, सुरक्षेचे अपडेट हे आपणच पाहायचे. तिसरी तऱ्हा खानावळीची. आपण प्रोग्रॅम द्यायचा, बाकी सारे ते पाहतात. दर अर्थातच जास्त. आणि फुकटच्या ताटाचा भरवसा धरू नये. या प्रकारातल्या हेरोकू या नावाजलेल्या सेवेने आपली मोफत योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली.

चौथी तऱ्हा अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल यांच्या मोठ्या क्लाऊडची. तिथे हेस्कॉमसारखा मीटर चालतो. संगणक किती तास चालला, जागा किती व्यापली, बाहेर किती डेटा गेला, याचे वेगवेगळे आकडे. डेटा आत नेणे बहुधा फुकट असते, बाहेर काढण्याला पैसे पडतात. इथे पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा घालून सूचना लावावी. मात्र ती सूचना फक्त कळवते, मीटर बंद करत नाही, हे विसरू नये. दर अनेकदा डॉलरमध्ये असतात आणि वर १८ टक्के जीएसटी, हेही हिशेबात धरावे.

गरज मोजून पाहा

सहाशे घरे, सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी, तीस दिवस. म्हणजे महिन्याला ३६,००० नोंदी. एका नोंदीला दोनशे बाइट धरले तरी जेमतेम सात एमबी. मोबाईलवरच्या दोन-तीन फोटोंएवढा हा सारा संसार! एक जीबी मेमरीच्या लहान व्हीपीएसवर आमचे काम सुखाने चालते. विकणारा मोठ्या यंत्राची स्वप्ने दाखवतो. पण आपल्याकडे 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणतात आणि काकूंच्या माहेरी 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. दोन्ही भाषांतल्या वडीलधाऱ्यांचे याबाबत एकमत आहे. लहान घ्यावे, गरज पडली तर वाढवावे.

मुंबई की बेंगळुरू?

अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ साली आणि गूगलचे २०१७ साली सुरू झाले. डिजिटलओशनचे केंद्र २०१६ पासून बेंगळुरूत आहे. बेळगावहून दोन्ही शहरे साधारण पाचशे किलोमीटरवर, तेव्हा निदान या बाबतीत तरी वाद नको! अमेरिकेतला सर्व्हर मात्र टाळावा. प्रत्येक नोंदीला लागणारा उशीर पहाटेच्या घाईत जाणवतो.

दोन भाषा, एक घड्याळ

आमच्या बिलांवर निम्मी नावे मराठीत, निम्मी कन्नडमध्ये. युनिकोडमध्ये (यूटीएफ-८) दोन्ही लिप्या गुण्यागोविंदाने नांदतात. पण सर्व्हरवर दोन्ही लिप्यांचे फॉन्ट बसवलेले नसतील, तर पीडीएफ बिलावर अक्षरांऐवजी चौकोन छापून येतात. एसएमएसचेही गणित वेगळे. इंग्रजीत १६० अक्षरे मावतात, मराठी-कन्नडमध्ये ७०.

सर्वांत मोठी फजिती घड्याळाने केली. सर्व्हरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. पहाटे पावणेपाचला टाकलेले दूध सर्व्हरच्या मते आदल्या रात्री सव्वाअकराला पडते! एक तारखेचे दूध मागच्या महिन्याच्या बिलात जाऊ लागले आणि गिऱ्हाइके भांडायला आली. हिशेबाची तारीख भारतीय वेळेने धरली जाते ना, हे पहिल्या दिवशीच तपासावे.

नाव कुणाचे, प्रत कुठे?

आता खाते काकांच्या नावावर, धंद्याच्या ई-मेलवर आणि धंद्याच्याच कार्डावर आहे. संकेतस्थळाचे नाव म्हणजे डोमेनही तसेच. प्रोग्रॅम करणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. मित्र कितीही सज्जन असो, तो उद्या कुठे असेल हे त्यालाही ठाऊक नसते.

आणि प्रत एकाच इमारतीत ठेवू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली, तेव्हा ज्यांच्या प्रती तिथेच होत्या त्यांचे मूळही गेले आणि प्रतही गेली. शिवाय प्रत निघते एवढे पुरेसे नाही, ती परत उघडते का, तेही पाहावे. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅबसारख्या जाणकार कंपनीत चुकून डेटा पुसला गेला, तेव्हा प्रतींच्या नेहमीच्या व्यवस्था कामी आल्या नाहीत. सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीवर भागवावे लागले.

आमची प्रत आता रोज रात्री दुसऱ्या कंपनीकडे जाते. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ ती घरच्या संगणकावर उघडतो. काकू शेजारी बसतात, कोणतेही एक गिऱ्हाईक निवडतात आणि त्याचा हिशेब वहीशी ताडून पाहतात. होय, वही पुन्हा कपाटाबाहेर आली आहे. "आता कशाला लिहिता?" असे मी परवा विचारले, तर म्हणाल्या, "अरे, ती कॅलेंडरे नसती तर काय केलं असतंस?"