चित्रातील वस्त्रे काय सांगतात?

पुणे-लोणावळा लोकलने पिंपरी-चिंचवडची कारखानदारी मागे टाकून पुढे गेले की मळवली हे छोटेसे स्थानक लागते. चित्रकार राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे याच मळवलीत आला. तेथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या. त्यांतील साडी आणि अलंकार आपण भक्तिभावाने पाहतो. परंतु चित्रातील स्त्रीची वस्त्रे वाचायचीही असतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

या वाचनाचा पहिला धडा इटलीतील प्रबोधनकालीन व्यक्तिचित्रे देतात. गिर्लांदायोने रंगविलेली फ्लॉरेन्सची जोव्हान्ना तोर्नाबुओनी पाहा. १४८८ मध्ये ती बाळंतपणात दगावली. चित्रावर तेच साल आहे. तिच्या भरजरी वस्त्रावर, खांद्यापाशी, पती लोरेन्झोच्या नावाचे आद्याक्षर विणलेले आहे. मागील पोवळ्यांची माळ आणि प्रार्थनापुस्तक तिची धार्मिकता सुचवितात. हा थाट तिच्या आवडीनिवडीपेक्षा सासरची श्रीमंती आणि हक्क अधिक सांगतो. याउलट लिओनार्दोच्या जिनेव्रा दे बेंचीच्या अंगावर दागिना नाही. तिच्या मागे ज्युनिपरचे झुडूप आहे. इटालियन भाषेत त्याला ‘जिनेप्रो’ म्हणतात. म्हणजे ते झुडूप तिच्या नावावरील श्लेष आहे.

हीच दृष्टी रविवर्मांकडे वळवावी. १८८९ च्या सुमारास त्यांनी वाद्यांसह बसलेल्या अकरा स्त्रिया रंगविल्या. त्यांचे निरनिराळे वेश हीच त्यांच्या प्रांतांची आणि समाजांची ओळख. नाव मात्र एकीचेही नाही. १८९३ च्या ‘देअर कम्स पापा’ या चित्रात कन्या महाप्रभा केरळी मुंडू नेसून, मूल कडेवर घेऊन उभी आहे. शीर्षक वडिलांच्या आगमनाचे. वडील मात्र चौकटीबाहेर. केरळच्या त्या समाजात घराणे आईकडून चाले, हे ठाऊक असल्यास त्या रित्या जागेचा अर्थ अधिक उलगडतो.

आपल्या घरातील पणजीचे जुने छायाचित्रही असेच वाचता येईल. नथ, मंगळसूत्र, काठपदराची नऊवारी यांतून घराण्याची पत आणि तिचे सौभाग्य कळते. तो वेश कोणी निवडला, खर्च कोणी केला आणि चित्र कोणाला दाखवायचे होते, हे तीन प्रश्न विचारले की तिच्या स्वतःच्या वाट्याला त्या चौकटीत किती जागा आली, हेही दिसू लागते.