तोल सांभाळणारे यंत्र

संक्रांतीच्या सुमारास हिमायतनगरच्या शिवारात, पऱ्हाट्या उपटलेल्या मोकळ्या रानांत मुले पतंग उडवितात. एखादा पतंग सारखा एका अंगास झुकू लागला, तर जाणता मुलगा वाऱ्याला दोष देत बसत नाही. तो पतंग खाली उतरवितो, त्याची कन्नी नीट बांधतो आणि मगच तो पुन्हा वर सोडतो. अशाच रानात रेडिओच्या साहाय्याने छोटे विमान उडवू इच्छिणाऱ्यालाही हाच धडा गिरवावा लागतो.

असे विमान वजनाने जेमतेम काहीशे ग्रॅम असू शकते. उडविणारा जमिनीवर उभा राहून हातातील ट्रान्समीटरच्या दांड्या हलवितो. त्याचा संदेश विमानातील रिसीव्हर ग्रहण करतो. मग सर्वो नावाच्या लहान मोटारी पंखांवरील एलेरॉन, शेपटीवरील एलेव्हेटर आणि सुकाणू या झडपा हलवितात. परंतु वाऱ्याचा झोत आला, की हलके विमान क्षणात कलते. ते डोळ्यांना दिसून बोट हलेपर्यंत उशीर होतो. म्हणून काही रिसीव्हरांत तोल सांभाळणारा जायरोस्कोपही बसविलेला असतो.

ही कल्पना नवी नाही. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या २१ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने आपले विमान लोकांसमोरून नेले. त्याने दोन्ही हात वर उचलले होते आणि त्याचा साहाय्यक पंखावर चालत गेला होता. तरीही विमानाचा तोल ढळला नाही. स्पेरीच्या यंत्रात वेगाने फिरणारी चक्रे होती. आजच्या छोट्या यंत्रात त्यांच्या जागी सिलिकॉनचा एक सूक्ष्म भाग सतत कंप पावत असतो. विमान वळले, की त्या कंपनाची दिशा किंचित ढळते. त्यावरून यंत्राला विमानाचे वळणे कळते व ते झडपांना लगेच त्याविरुद्ध हालविते.

हा रिसीव्हर विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ, धडाच्या रेषेशी समांतर असा पक्का चिकटवावा. तो सैल राहिला, तर स्वतःच्या हलण्यालाच तो विमानाचे हलणे समजेल. वीज जोडल्यावर काही क्षण विमान सपाट जागी निश्चल ठेवावे. कारण स्थिर असणे म्हणजे काय, हे यंत्र त्याच वेळी ठरवीत असते.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची होय. प्रथम प्रोपेलर काढून ठेवावा. दांड्या हलवून झडपा योग्य दिशेने हलतात ना, हे पाहावे. मग दांड्या सोडून विमान हातात धरावे. उजवा पंख झटकन खाली केला, तर उजवा एलेरॉन खाली व डावा वर गेला पाहिजे. नाक खाली केले, तर एलेव्हेटर वर उचलला गेला पाहिजे. नाक डावीकडे वळविले, तर सुकाणू उजवीकडे वळले पाहिजे. यांपैकी एकही झडप उलट हलली, तर उड्डाण करू नये. यंत्रातील ती दिशा बदलून पुन्हा परीक्षा घ्यावी. अन्यथा वाऱ्याने थोडासा खाली केलेला पंख यंत्र आणखी खाली लोटील आणि विमान पाहता पाहता उलटून जमिनीवर आदळेल.

शेवटी दुरुस्तीचे प्रमाण ठरवावे. ते फार कमी असले, तर विमान वाऱ्यात डोलतच राहते. फार जास्त असले, तर झडपा इकडून तिकडे झपाट्याने हलू लागतात व विमान थरथरते. म्हणून आरंभी प्रमाण थोडे ठेवून प्रत्येक उड्डाणानंतर ते हळूहळू वाढवावे.

यंत्राला बरेवाईट कळत नाही. आपण दिलेली आज्ञा, मग ती चुकीची का असेना, ते तत्परतेने पाळते. कन्नी तपासूनच पतंग वर सोडणाऱ्या मुलाप्रमाणे, विमान उडविणाऱ्यानेही जमिनीवरची ही दोन मिनिटे कधी वाचवू नयेत.