असं का? : मंद उजेडातली वाइड लेन्स

बंगळुरूच्या चामराजपेटेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीचा संगीतोत्सव भरतो; सुरुवात १९३९ची. मांडवातल्या मंद उजेडात मृदंगावरची बोटं फोटोत पुसट का येतात? शटर जास्त वेळ उघडं राहतं म्हणून. एफ/१.४ची लेन्स एफ/२च्या दुप्पट प्रकाश घेते आणि हा वेळ निम्म्यावर आणते.

अशा लेन्सला रेंजफाइंडर कॅमेरा सोयीचा; त्यात लेन्समागे आरसा नसतो. म्हणून वाइड लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसते, लहानही राहते. लायकाची १९६१ची ३५ मिमी एफ/१.४ समिलक्स मुठीत मावते. कोपऱ्यांत मात्र किरण तिरपे पोचतात आणि मावळतीच्या उन्हासारखे विरळ पसरतात, कोपरे काळवंडतात. पूर्ण उघडल्यावर जुनी समिलक्स दिव्यांभोवती धूसर वलयही देते. लायकाचीच एफ/२ची समिक्रॉन अधिक स्वच्छ.

तरीही काळवंडलेले कोपरे नंतर उजळता येतात, हललेली बोटं नाहीत. मैफिलीसाठी एफ/१.४च घ्या.