जुनी नाव आणि नाळेवरचे यंत्र

नावेला चालविणारे बळ तिच्या पाठीमागून लावावयाचे असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. सुकाणू मागे असते, यंत्राचा पंखा मागे असतो आणि फेसाळलेल्या पाण्याचा पट्टाही मागेच उमटत जातो. अमेरिकेतील सरोवरांवर मात्र गेली कित्येक दशके एक निराळी रचना रूढ आहे. तेथे गळाने मासे धरणाऱ्या हौशी माणसाच्या नावेला मागे पेट्रोलवर चालणारे मोठे यंत्र असते. परंतु इष्ट स्थळी पोहोचताच ते बंद करण्यात येते आणि नावेच्या अगदी पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, बसविलेले एक लहानसे विजेचे यंत्र पाण्यात सोडण्यात येते. त्यानंतर नाव त्या यंत्राच्या बळावर, जवळजवळ निःशब्दपणे आणि माणसाच्या चालीने सरकत राहते. या यंत्राला तिकडे ‘ट्रोलिंग मोटर’ म्हणतात. मंद चालणाऱ्या नावेमागून आमिष लावलेला गळ ओढीत नेणे म्हणजे ट्रोलिंग. आपल्या किनाऱ्यावरील ट्रॉलर मोठे जाळे ओढून मासे धरतात, तो प्रकार वेगळा. नामसादृश्यामुळे घोटाळा होऊ नये.

नव्या नावा या यंत्राची सोय ध्यानात ठेवूनच बांधल्या जातात. प्रश्न उभा राहतो तो जुन्या नावेचा. तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिची बांधणी झाली, तेव्हा तिच्या नाळेवर कोणी यंत्र ठेवील ही कल्पनाही कारागिराच्या मनात नसावी. अशा नावेवर हे यंत्र कसे बसवावे, याचा विचार करू लागले म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. यातली खरी अडचण यंत्राची नसून ते पेलणाऱ्या तक्त्याची आहे.

विजेवर नाव चालविण्याची कल्पना नवी नाही. मोरित्झ याकोबी या शास्त्रज्ञाने १८३८ साली रशियात, सेंट पीटर्सबर्ग येथील नेवा नदीवर, विद्युत्‌घटांच्या साहाय्याने नाव चालवून दाखविली. १८८१ साली गुस्ताव त्रुव्हे याने पॅरिस येथे सेन नदीवर असाच प्रयोग केला. त्याचे यंत्र नावेवरून काढता-घालता येण्याजोगे होते. ट्रोलिंग मोटरचा जन्म मात्र १९३४ सालचा आहे. नॉर्थ डाकोटा संस्थानातील फार्गो या गावी ओ. जी. श्मिट याने फोर्ड मोटारगाडीचा ‘स्टार्टर’ घेऊन त्याला दांडा आणि पंखा जोडला. फार्गोच्या लगतच मिनेसोटा संस्थानाची हद्द लागते आणि त्या संस्थानात दहा हजारांहून अधिक सरोवरे आहेत. दोन्ही संस्थानांच्या नावांचे तुकडे सांधून ‘मिन कोटा’ हे त्या यंत्राचे नाव सिद्ध झाले. आपल्याकडेही केरळात वैक्कम येथे २०१७ साली सौर विजेवर चालणारी ‘आदित्य’ ही प्रवासी नाव पाण्यात उतरली. तथापि ती आरंभापासूनच विजेसाठी बांधलेली आहे. जुन्या नावेचे भाग्य तसे नसते.

यंत्र पुढेच का बसवावयाचे? आपण बैल गाडीच्या पुढे जुंपतो, त्याचे जे कारण तेच येथे आहे. बैल ज्या बाजूस वळतो त्या बाजूस गाडी आपोआप त्याच्यामागे येते. उलट हातगाडी मागून ढकलणाऱ्यास तिचे पुढचे तोंड सतत सांभाळावे लागते. पाण्यावर तर वाऱ्याची भर पडते. नाळ हलकी आणि पाण्याबाहेर उंच असल्याने वारा प्रथम तिलाच धरतो आणि नाव आडवी होऊ लागते. मागून लावलेले मंद बळ तिला आवरू शकत नाही. पुढून ओढणारे बळ मात्र नाळेलाच धरून ठेवते.

यंत्र निवडताना दोन मापे घ्यावी लागतात. पहिले बळाचे. माणसे आणि सामान यांसह नावेचे जे वजन भरेल त्याच्या दर १०० किलोंमागे निदान २ किलो ओढ असावी, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. १,००० किलो भरणाऱ्या नावेला २० किलो ओढ पुरते. वाऱ्यासाठी थोडी राखीव धरून २५ किलोंचे यंत्र घेतात. दुसरे माप दांड्याच्या लांबीचे. नाव नेहमीच्या भारासह शांत पाण्यात ठेवून नाळेवरील तक्त्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात २० ते २५ इंच मिळवावे. दांडा आखूड पडला तर लाटेवर नाळ उचलली जाताच पंखा हवेत फिरू लागतो. आवाज होतो, बळ वाया जाते आणि मासेही दूर पळतात.

आता तक्त्याकडे वळू. २५ किलोंची ओढ म्हणजे फारसे काही नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु पंखा तक्त्याच्या खाली सुमारे एक मीटर अंतरावर असतो, हे विसरता कामा नये. यंत्राची बैठक धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या पुढच्या-मागच्या रांगांत २५ सेंटिमीटरचे अंतर असेल, तर तरफेच्या साध्या नियमाने त्या बोल्टांवर चौपट, म्हणजे १०० किलोंचा ताण येतो. हा ताण तक्ता वर उचकटू पाहतो. बुडालेल्या ओंडक्यास किंवा खडकास दांडा आपटला, तर क्षणभर तो याहून कितीतरी वाढतो. अलीकडच्या काही यंत्रांना उपग्रहांकडून स्थान कळते आणि ती नांगर न टाकता नाव एका जागी उभी ठेवतात. त्यासाठी यंत्र सारखे या बाजूस, त्या बाजूस ओढत राहते. तक्त्याला विसावा म्हणून मिळत नाही.

फायबरग्लासच्या पुष्कळशा जुन्या नावांचा वरचा तक्ता म्हणजे दोन पातळ थरांमध्ये धरलेले प्लायवूड असते. कोठेतरी एखाद्या जुन्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपते आणि वरचा पृष्ठभाग चकचकीत राहूनही आतले लाकूड कुजून जाते. म्हणून गिरमिट हाती घेण्यापूर्वी, मडके वाजवून घ्यावे तसा तक्ता लहान हातोडीने वाजवून पाहावा. खणखणीत आवाज आला तर लाकूड शाबूत समजावे. आवाज बद्द आला, किंवा पायाखाली तक्ता दबला, तर कुजका भाग काढून नवे लाकूड घालण्यावाचून गत्यंतर नाही. कुजक्या लाकडात लांब स्क्रू पिळून वेळ भागविणे म्हणजे पुढील अपघाताची तजवीज करणे होय.

तक्ता निरोगी ठरल्यावर पुठ्ठ्याचा नमुना कापून बैठकीची जागा ठरवावी. मध्यरेषेपासून किंचित बाजूला बैठक घेतली तर यंत्र उचलल्यावर तक्त्यावर नीट आडवे निजते. यंत्र हाताने धरून एकदा खाली सोडून आणि पुन्हा वर घेऊन पाहावे. नावेच्या काठाला किंवा कुशीला ते कोठेही घासता कामा नये. मगच भोके पाडावी. ही भोके बोल्टांहून मोठी पाडून ती एपॉक्सीने भरतात आणि ती घट्ट झाल्यावर तिच्यातून योग्य मापाचे भोक पाडतात. त्यामुळे बोल्टाच्या कडेने शिरलेले पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. बोल्ट न गंजणाऱ्या पोलादाचे आणि आरपार जाणारे असावेत. तक्त्याच्या खालून बैठकीहून मोठी अशी जाड पट्टी लावावी, म्हणजे ताण चार-सहा भोकांवर न पडता विस्तृत भागावर वाटला जातो. पट्टीखाली रुंद वायसर आणि आपोआप न सुटणारे नट घालावेत. खालून हात पोहोचत नसेल, तर झाकण असलेले एक दार तक्त्यात करून घेणे श्रेयस्कर.

अ‍ॅल्युमिनियमच्या नावेचे दुखणे वेगळे. तिचा पत्रा पातळ असतो, म्हणून खालची पट्टी अधिकच आवश्यक ठरते. शिवाय पोलादी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा ओलाव्यात संबंध आला की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. मध्ये नायलॉनची वायसर घालून दोन्ही धातू वेगळे ठेवावेत. तांब्याच्या क्षारांनी मुरविलेले लाकूडही या पत्र्यास लावू नये, कारण ते क्षार तो खाऊन टाकतात.

राहिली वीज. बॅटरी जड असते. यंत्र आणि माणूस यांचा भार आधीच नाळेवर पडत असल्याने, लहान नावेत बॅटरी मध्यावर किंवा मागे ठेवणे इष्ट असते. पण त्यामुळे तार लांबते. १२ व्होल्टांवर चालणारे २५ किलो ओढीचे यंत्र पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर प्रवाह घेते. जाण्या-येण्याची मिळून १० मीटर तार घरगुती जोडणीतील २.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर १२ पैकी सुमारे साडेतीन व्होल्ट तारेतच खर्ची पडतात आणि तार तापते. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची असेल, तर हा ऱ्हास अर्ध्या व्होल्टाच्या आसपास राहतो. बॅटरीलगत सर्किट ब्रेकर अवश्य असावा. पंख्यात गवत अडकून यंत्र थबकले की प्रवाह एकाएकी वाढतो, आणि पाण्याच्या मध्यभागी आग लागली तर पळावयास वाट नसते.

काम संपल्यावर पहिली परीक्षा काठालगतच्या उथळ पाण्यात घ्यावी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत आणि खालून कोठे ओल आली आहे काय, ते पाहावे. नाव गाडीवर घालून रस्त्याने नेताना यंत्र पट्ट्याने जखडून ठेवावे. खड्ड्यांतील हादरे बोल्टांना पाण्यातील ओढीपेक्षाही अधिक सैल करतात.

या सर्व खटाटोपात यंत्र बसविण्यास लागतो तास-दोन तासांचा वेळ. तक्ता पारखण्यास आणि त्याला आधार देण्यास मात्र दोन-तीन दिवस जातात. घाईच्या माणसाला हे प्रमाण उलटे वाटते. वस्तुतः ते योग्यच आहे. नवे बळ बाजारात विकत मिळते. ते पेलण्याची ताकद जुन्या वस्तूत आपणच हाताने निर्माण करावी लागते. ती निर्माण केली म्हणजे चाळीस वर्षांची नावही आणखी पुष्कळ पावसाळे पाहू शकते, आणि तिच्यात बसणाऱ्याला पाण्याच्या मध्यभागी आपल्या पायाखालच्या तक्त्याची चिंता करावी लागत नाही.