जाहिरातीतला डॉक्टर

रेल्वे शहरात शिरू लागली की रुळांकडेच्या भिंतींवरची ती चुन्याने रंगवलेली अक्षरे वाचली नाहीत, असा प्रवासी विरळा. ‘गुप्तरोग’, ‘निराश होऊ नका’ आणि खाली कुठल्याशा लॉजचा पत्ता. बरोबर मुले असली की आपण त्यांचे लक्ष दुसरीकडे वेधतो. ती भिंत आता खिशात आली आहे. मोबाइलच्या पडद्यावर एखादा नामवंत डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून, स्वतःच्या तोंडाने सांगतो की गेलेले पौरुष परत आणणारे हे औषध तो स्वतःच्या रुग्णांना देतो. पाहणारा पन्नाशीचा गृहस्थ ते एकांतात दोनदा पाहतो आणि तिसऱ्या वेळी पैसे भरतो. खरे-खोटे विचारणार कुणाला?

डॉक्टरचा चेहरा ओळखीचा असला तरी शब्द त्याचे असतीलच असे नाही. बंगळुरूचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांच्या नावाने व चेहऱ्याने बनावट चित्रफिती फिरू लागल्या, तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०२४ साली न्यायालयाने त्या काढून टाकायला सांगितल्या. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने इंग्लंडमधल्या दूरचित्रवाणीवरील डॉक्टरांच्या अशाच बनावट चित्रफितींविषयी लेख छापला. तिथे विक्री चालली होती ती रक्तदाब आणि मधुमेहावरच्या औषधांची. ओठांची हालचाल नीट निरखा, आवाज कान देऊन ऐका, असे सल्ले यावर दिले जातात. पण नकला इतक्या सफाईदार होत चालल्या आहेत, की ही युक्ती फार दिवस पुरणार नाही.

सुदैवाने आपल्याकडे याहून सोपी कसोटी आहे आणि ती लावायला चेहऱ्याकडे पाहावेही लागत नाही. ‘औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती)’ या १९५४ च्या कायद्याने, लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा किंवा वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची लोकांसाठी जाहिरात करायलाच बंदी आहे. मग औषध गोळीचे असो, मुळीचे असो की भस्माचे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शिवाय, आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी २००२ साली केलेल्या आचारसंहितेनुसार कोणत्याही औषधाच्या जाहिरातीसाठी आपले नाव, सही वा छायाचित्र देता येत नाही. आता हिशेब करा. चित्रफितीतला डॉक्टर बनावट असेल तर फसवणूक उघडच आहे. आणि तो खरा असेल, तर स्वतःची नोंदणी पणाला लावून तो हे का बोलतो आहे? दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते. तेव्हा डॉक्टर जेवढा मोठा, तेवढा आपला हात खिशापासून लांब असावा.

पण डॉक्टर खरा आहे, प्रामाणिक आहे, पैशाचा लोभी नाही, असे असले तर? तसेही एकदा झाले आहे. १ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेपुढे ब्राउन-सेकार नावाचे बहात्तर वर्षांचे प्राध्यापक उभे राहिले. मज्जारज्जूवरच्या संशोधनासाठी जगभर मान असलेला हा माणूस. कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला, आणि गेलेली ताकद परतली, जिने पुन्हा जवळजवळ धावत चढता येऊ लागले, असे त्यांनी सांगितले. डॉक्टरांना ते हा अर्क फुकट पाठवत. व्यापारी मात्र थोडेच फुकट देणार! पाहता पाहता त्यांच्या नावाने संजीवनीच्या बाटल्या विकल्या जाऊ लागल्या. पुढे २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच कृतीने अर्क बनवून तपासला, तेव्हा त्यातले पुरुषी संप्रेरक परिणाम घडवण्याइतके नव्हतेच. म्हातारबुवा खोटे बोलले नव्हते. त्यांना खरोखरच बरे वाटले होते.

असे बरे वाटणाऱ्यांची संख्या लहान नसते. व्हायग्राची एक मोठी चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. तीत खऱ्या औषधाने, मात्रेनुसार, ५६ ते ८४ टक्के पुरुषांना सुधारणा जाणवली. आणि ज्यात औषधच नव्हते अशा गोळीनेही २५ टक्क्यांना जाणवली. म्हणजे भिंतीवरच्या वैद्याकडे शंभर माणसे गेली, तर पंचवीस-एक जण त्याचे गुण गात परतणार. ‘माझ्या मेहुण्याला गुण आला’ ही साक्ष खरी असूनही औषधाबद्दल काहीच सांगत नाही.

एवढ्यावर भागले असते तर पैसे गेले म्हणून सोडून देता आले असते. पण या तक्रारीचे मूळ पुष्कळदा शरीरात दुसरीकडे असते. त्या भागातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद. म्हणून त्या आधी तुंबतात आणि छातीत कळ येण्याच्या काही वर्षे आधी ही तक्रार सुरू होऊ शकते. मधुमेहाचे निदानही कित्येकदा हिच्यामुळेच होते. चूर्ण घेत बसलेल्या माणसाची ती वर्षे वाया जातात. दुसरा धोका चूर्णातच असतो. ‘वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मालात व्हायग्रातले सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडले आहे. ज्यांच्या खिशात छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटची गोळी असते, त्यांनी ही दोन औषधे एकत्र घेतली तर रक्तदाब इतका उतरू शकतो की जिवावर बेतावे.

हे सारे घरच्या डॉक्टरला विचारता आले असते. पण जीभ रेटत नाही. रेटू नये अशी व्यवस्थाही आपणच केली. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड झालाच.

डॉक्टरचे नाव खरे आहे का, हे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत पाहता येते. जाहिरातीविरुद्ध तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. सोबत कात्रण किंवा पडद्याचे चित्र, तारीख आणि औषधाच्या वेष्टनाचा फोटो जोडावा. त्या १९५४ च्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणताही भाग घेणाऱ्यालाही तो लागू होतो. म्हणजे ती छापणारे वृत्तपत्रही त्यात आले.